सगळ्यात खालचा पासपोर्ट

परांची बांधणाऱ्याचं काम शेवटी उरत नाही. इमारतीच्या आधी परांची उभी राहते, भिंतींना रंग लागला की ती उतरवतात, आणि मग त्या जागी कधी लोखंडी पाईप होते, फळ्यांवरून माणसं चालत होती, हे त्या इमारतीत राहणाऱ्याला सांगूनही पटत नाही. मुकादमांनी सगळं आयुष्य या न उरणाऱ्या कामात घातलं. बायकोबरोबर बाजारात जाताना ते मधेच थांबायचे, मान वर करून एखाद्या उंच इमारतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "इथं वरच्या अंगाला वारा फार होता."

बायको म्हणायची, "खाली बघा. खड्डा आहे."

बुटका माणूस. मान जाड, हात गुडघ्यापर्यंत आल्यासारखे लांब. कमरेला पाना. लग्नकार्याला जातानाही तो राहून जायचा आणि मांडवाच्या दारात बायको हळूच काढून पर्समध्ये टाकायची. घर म्हणजे सामानाच्या आवाराला लागून असलेल्या दोन खोल्या. खिडकीबाहेर पाईपांचे ढीग, तेलात बुडवलेल्या क्लॅम्पचे डबे, उभ्या रचलेल्या फळ्या. घरातल्या प्रत्येक कपड्याला गंजाचा थोडा तरी वास. पाहुणे आले की बायको आधी उदबत्ती लावायची आणि मग दार उघडायची.

त्यांच्या टोळीत एक रीत होती. ज्यानं परांची बांधली त्यानं आधी चढायचं. नुसतं चढायचं नाही, तर प्रत्येक फळीवर दोन्ही पायांनी उडी मारायची, कोपऱ्यात जाऊन पाईप हलवून बघायचा, आणि मग वरून खाली हात करायचा. तो हात दिसल्याशिवाय गवंडी, रंगारी, कुणीही शिडीला हात लावायचा नाही. मुकादमांचं वय झालं, गुडघे बोलू लागले, टोळीतली जवान माणसं म्हणू लागली की काका, आम्ही चढतो, तुम्ही खालून बघा. मुकादम ऐकायचे नाहीत. "बांधायला सांगितलं मी. मग उडी कुणी मारायची, तुझ्या सासऱ्यानं?"

या एका रीतीमुळे त्यांच्या हाताखाली कधी कुणी पडलं नाही. आणि या एका रीतीमुळेच पुढचं सगळं घडलं.

बाजाराच्या टोकाला तिकिटांचं दुकान होतं. काचेवर समुद्राचं चित्र, टेबलावर प्लॅस्टिकचं विमान. दुकानदाराला सगळे विमानवाला म्हणत. गोड माणूस. बसायला खुर्ची स्वतः पुसून द्यायचा. त्यानं एकदा मुकादमांना बोलावून घेतलं, दार लोटलं, आणि सांगितलं की परदेशात मोठं बांधकाम निघालंय, परांचीवाले हवेत, तिथल्या कंपनीला तुमच्यासारखा फोरमन हवाय. माणसं तुम्ही निवडा. तुमच्या माणसांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?

मुकादमांना हे खरं वाटलं, कारण ते खरंच होतं. त्यांच्या माणसांना त्यांच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. लबाडाला नेहमी असं एखादं खरं वाक्य लागतं. बाकीचं मग त्याच्या आधारानं उभं राहतं.

विमानवाला हुशार होता. तो आवारात एकदाही आला नाही. टोळीतल्या एकाशीही बोलला नाही. जे काही सांगायचं ते मुकादमांना, दार लोटून, तोंडी. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. कागद सध्या फिरायला जाण्याचे काढू, लवकर होतात. विमानतळावर विचारलं तर माणसांनी म्हणायचं, फिरायला चाललोय. तेवढं पढवून ठेवा.

मुकादमांनी आवारात सगळ्यांना जमवलं. तेलाच्या रिकाम्या पिंपावर आपला पासपोर्ट ठेवला.

"मी निघालोय. ज्याला यायचंय त्यानं वर ठेवा."

त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्याच टोळीत होता. प्रत्येक गोष्टीत दोन प्रश्न काढायचा म्हणून सगळे त्याला शंकासूर म्हणत.

"कागद कुठाय, दाजी?" तो म्हणाला.

"कसला?"

"नोकरीचा. कंपनीचं नाव, पगार, कामाचे तास. असतो म्हणे."

"तिथं गेल्यावर मिळतो."

"म्हणजे कागद तिथं गेल्यावर आणि पासपोर्ट आत्ता? उलटं नाही वाटत तुम्हाला?"

"अरे शंकासुरा, मी चढलोय ना आधी?"

सगळे हसले. मेहुणाही हसला. बहिणीच्या नवऱ्यासमोर आणि सगळ्या टोळीसमोर आणखी किती ताणायचं? त्यानं आपला पासपोर्ट मुकादमांच्या पासपोर्टवर ठेवला. मग दुसऱ्यानं ठेवला, मग तिसऱ्यानं. कुणी काही विचारलं नाही. वरून हात झालेला होता.

मग तपासणी. विमानवाल्यानं सगळ्यांना एका दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब पाहिला, एका पायावर उभं केलं, डोळे मिटून गोल फिरायला लावलं. सगळे पास झाले. फक्त मुकादमांचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा पाहिलं. विमानवाल्यानं दुकानात पासपोर्टांचा गठ्ठा उलटा केला, खालचा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "तुम्ही पुढच्या खेपेला, मुकादम. गोळ्या घ्या."

टोळी गेली. मुकादम विमानतळाच्या काचेबाहेर उभे राहिले. आत रांगेत त्यांची माणसं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारणारी, आणि पलीकडे खिडकीतला अधिकारी काहीतरी विचारत होता. प्रत्येकाचे ओठ तेच दोन शब्द म्हणताना त्यांना काचेतून दिसले. शिकवलेलं पाठ करून घेतल्याचं तेव्हा त्यांना समाधान वाटलं.

सुरुवातीला फोटो आले. मग फोटो यायचे थांबले. आणि बऱ्याच काळानं मेहुण्याचा आवाज आला, बहिणीच्या फोनवर, कुणाच्या तरी उसन्या फोनवरून रेकॉर्ड करून पाठवलेला. बांधकाम नव्हतंच. उतरल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतले आणि मासळीच्या शीतगृहात कापाकापीला लावलं. लोखंडी डब्यासारख्या खोलीत झोपायचं. मग एकदा धाड पडली. "ताई, इथले पोलीस म्हणतात तुम्ही पर्यटक आहात, पर्यटक असून काम करता, हा गुन्हा. आता आम्ही सगळे पर्यटक कोठडीत आहोत. दाजींना सांग, फिरणं छान चाललंय."

बायकोनं तो आवाज पुन्हा लावला नाही. फोन मुकादमांसमोर ठेवला आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली.

मुकादम विमानवाल्याकडे गेले. त्यानं खुर्ची पुसली. "मुकादम, सहल होती ती. गट तुम्ही आणलात. मी तर तुमच्या एकाही माणसाला ओळखत नाही. पोलिसांत जाताय? जा. पण माणसं कुणी गोळा केली, एवढं त्यांना नीट सांगा." त्याचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

मुकादम तिथून उठले ते थेट पोलीस ठाण्यात गेले. पाना कमरेलाच होता. दारातल्या शिपायानं तो आधी काढून घेतला.

तपास करणारा अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं कायदा समजावून सांगितला. सरकारी परवाना नसताना परदेशातल्या नोकरीसाठी माणसं गोळा करणं हाच गुन्हा. पैसे घेतले की नाही, नोकरी मिळाली की नाही, हे पुढचं. आणि गोळा करायला जो हात लावतो तोही त्यात येतो. एवढं सांगून त्यानं जबाब लिहायला घेतला आणि लिहिलं, की एजंटानं आवारात येऊन सर्वांना नोकरीचं आमिष दाखवलं.

"साहेब, तो आला नव्हता आवारात."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "काका, तुम्हाला साक्षीदार व्हायचंय की आरोपी?"

मुकादमांनी पेन उचललं. जबाबावर सही झाली. हे लपवायला नको. त्या दिवशी ते घाबरले होते. उंचीला न घाबरणारा माणूस खुर्चीत बसून घाबरला होता.

खटला उभा राहिला. सरकारी वकील बाई होत्या, बोलायला तुटक, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी मुकादमांना बोलावून घेऊन एक गोष्ट स्पष्ट केली. परदेशातली कोठडी उघडायची असेल तर तिथल्या सरकारला आपल्या न्यायालयाचा निकाल हवा, की ही माणसं पर्यटक नव्हती, त्यांना कामासाठी फसवून नेलं होतं. निकाल आपल्या बाजूनं लागला तर ती माणसं फसवले गेलेले कामगार. नाही लागला तर खोटं बोलून देशात शिरलेले गुन्हेगार. "आणि त्यातला एकही इथं साक्षीला नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तुम्ही आहात."

मुकादम म्हणाले, "जबाबात एक वाक्य खोटं आहे."

मग त्यांनी आवारातलं सगळं सांगितलं. पिंप, पासपोर्ट, मेहुण्याचा प्रश्न, स्वतःचं उत्तर, पढवून घेतलेले दोन शब्द. बाईंनी जबाबाचा कागद मिटून बाजूला ठेवला.

"हे न्यायालयात बोललात तर तुमच्यावर वेगळा खटला होईल. मला तो चालवावा लागेल."

"चालवा."

"तुम्हाला माफीचा साक्षीदार करता येईल. अर्ज करू?"

"त्यानं काय होतं?"

"तुम्ही सुटता."

"आणि माझ्या बोलण्याचं?"

बाईंनी खरं ते सांगितलं. समोरचा वकील म्हणेल की हा माणूस स्वतःची मान सोडवायला बोलतोय. न्यायाधीश तुमचं बोलणं तपासून, पारखून घेतील. वजन थोडं कमी होईल.

"मग नको," मुकादम म्हणाले.

घरी बायकोनं ऐकलं तेव्हा ती आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय.

"एकच वाक्य आहे ते," ती म्हणाली. "लिहून झालंय. तुम्ही नुसतं हो म्हणायचं. विमानवाला आत जाईल, माझा भाऊ घरी येईल, तुम्ही इथंच असाल. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि त्या वकिलानं सिद्ध केलं की तो आवारात नव्हता, तर? एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या सगळ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"नाही सिद्ध होणार."

"हेच मी तुझ्या भावाला म्हणालो होतो. काही होणार नाही. मी चढलोय ना आधी. आणि मी चढलोच नव्हतो. चढल्यासारखं दाखवलं आणि खाली उतरलो. ते वरती राहिले."

"तुम्हाला डॉक्टरांनी उतरवलं."

"हो. पण शिडी मी लावली होती."

बायको म्हणाली, "मोठे आले." आणि मग साक्षीच्या दिवसापर्यंत तिनं त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. जेवायला या. किल्ली घ्या. रक्तदाबाची गोळी मात्र ती रोज त्यांच्या हातावर ठेवायची, आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

न्यायालयाची खोली लहान होती. वरचा पंखा एका बाजूला कललेला, आणि मुकादमांची नजर आत शिरल्याबरोबर त्याच्या हुकाकडे गेली. आरोपीच्या जागी विमानवाला इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख. बायको मागच्या बाकावर, मांडीवर डबा घट्ट धरून.

बाईंनी विचारलं, "आरोपीनं तुमच्या माणसांना काय सांगितलं?"

"त्यानं नाही सांगितलं," मुकादम म्हणाले. "त्यानं मला सांगितलं. माणसांना मी सांगितलं."

विमानवाल्याचं हसू गेलं नाही, उलट वाढलं. त्याचा वकील लिहिता लिहिता थांबला. मुकादम बोलत राहिले. बंद दुकान. फोरमन करण्याचं वचन. पिंपावर ठेवलेला पहिला पासपोर्ट. मेहुण्यानं कागद मागितला होता आणि आपण सगळ्यांसमोर त्याची चेष्टा केली, हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की न्यायाधीशांनी मोठ्यानं बोलायला सांगितलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग ते दवाखान्याकडे आले. त्या दवाखान्याचं नाव आधी कुणीच घेतलं नव्हतं. विमानवाल्यानं नोंद मुकादमांच्या नावानं करायला लावली होती, आणि म्हणून मुकादमही आजवर गप्प होते.

विरुद्ध बाजूचा वकील उठला तो बोहल्यावर चढल्यासारख्या उत्साहात.

"म्हणजे भरती तुम्ही केलीत?"

"हो."

"माणसं तुम्ही निवडलीत, तुम्ही पढवलीत, तपासणीला तुमच्या नावानं नेलीत?"

"हो."

"मग माझ्या अशिलानं केलं काय?"

"मला पुढं केलं," मुकादम म्हणाले. "मी त्याची शिडी झालो."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. वकिलानं आणखी खोदून पाहिलं. पैशासाठी केलं का, सूड आहे का, माफी मिळणार आहे का. माफी मागितलेलीच नाही, हे कळल्यावर तो आपले कागद चाळू लागला. कुणाला तरी वाचवायला हा माणूस खोटं बोलतोय, हे दाखवायचं होतं, आणि तो तर स्वतःलाच बुडवत होता.

वकीलबाईंनी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर यायला नाखूश होते, पण आले. त्यांना एकच विचारलं गेलं. या माणसांची कसली तपासणी केलीत? उंचीवर काम करायला लायक आहेत का, याची. चक्कर, तोल, डोळे. ती करायला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी आरोपीच्या जागेकडे पाहिलं. फोन आरोपीनं केला होता.

बाई खाली बसता बसता म्हणाल्या, "फिरायला जाणाऱ्यांचा तोल तपासण्याची पद्धत मला माहीत नव्हती." न्यायाधीशही क्षणभर हसले. मग विमानवाल्याच्या दुकानात तिकिटं काढायच्या नोकरीला असलेली मुलगी आपण होऊन पुढे आली. परांचीवाले मिळतील का, असं त्यानं फोनवर किती जणांना विचारलं होतं ते तिनं सांगितलं. इतके दिवस गप्प का होतीस, असं वकिलानं दरडावून विचारलं, तर तिनं मुकादमांकडे बोट केलं. "हे बोलले म्हणून."

निकाल लागला. ही माणसं पर्यटक नव्हती, असं न्यायालयानं म्हटलं. विमानवाल्याला मोठी शिक्षा झाली. मुकादमांचा वेगळा खटला त्यामानानं लवकर संपला, कारण त्यांनी काही नाकारलंच नाही. परवाना नाही हे माहीत नव्हतं, हा बचाव होऊ शकत नाही, न्यायाधीश म्हणाले. विचारायला हवं होतं. मुकादमांनी मान हलवली, कुणी फळीची जाडी सांगावी आणि ती बरोबर असावी, तशी. शिक्षा थोडी होती, पण तुरुंगातली होती.

बायको पोलिसांच्या गाडीपर्यंत चालत आली. "झालं समाधान?"

"नाही."

"चष्मा घेतलात?"

"घेतला."

"गोळ्या मी वकीलबाईंकडे दिल्यात. त्या पोचवतील." मग तिनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि बाजूला झाली.

टोळी परत आली तेव्हा मुकादम आत होते. काही जण आल्या आल्या भेटायला गेले. मेहुणा गेला नाही. बहिणीनं सांगून पाहिलं, मग सांगणं सोडलं. तो आवारात बसून गंजलेले क्लॅम्प घासायचा. कुणी शंकासूर म्हणून हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

आणि एकदा तो गेला. भेटीच्या खोलीत मधे जाळी, दोन्हीकडे लाकडी बाकं. दाजी बारीक झाले होते.

"आलास," मुकादम म्हणाले.

"ताईनं स्वेटर दिलाय. दारातल्या शिपायानं ठेवून घेतला."

"बरं."

शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला नळ गळतो म्हणून झापत होती.

"तुम्ही मला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवलंत," मेहुणा म्हणाला.

"हो."

"मी विचारलं होतं."

"तू एकट्यानंच विचारलं होतंस."

"तुमच्यामुळे गेलो. आता म्हणतात, तुमच्यामुळेच आलो. मग मी राग ठेवायचा कुठं, सांगा ना. घरात ताई आहे, आवारात तुमचं सामान आहे. जागाच नाही."

मुकादम हसले नाहीत. "राग असू दे. घाई नको करूस." मग जाळीवर बोटं ठेवून म्हणाले, "तिथं काय झालं ते सांग मला. सगळं. गाळू नकोस."

"आता कशाला?"

"खटल्यात सगळं इथलं निघालं. दुकान, दवाखाना. तिथलं कुणी विचारलंच नाही. मी पाठवलं, आणि कुठं पाठवलं ते मला माहीत नाही."

मेहुण्यानं दाराकडे पाहिलं. पहारेकऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो उठेल असं वाटलं, पण उठला नाही.

"हातमोजे दिले होते," तो शेवटी म्हणाला. "सगळे डाव्या हाताचे. अख्खी पेटी डाव्या हाताचीच. सुरी उजव्या हातात, मोजा डाव्यात. उजवा हात आधी लाल होतो, मग पांढरा, मग आपला वाटेनासा होतो. आपला तो लंबू, तो मोजा तसाच उजव्या हातात घालायचा, तर अंगठा भलतीकडेच. सारखा सुरीत अडकायचा." त्याला हसू आलं, आणि ते मधेच कुठंतरी थांबलं.

"मग?" मुकादम म्हणाले.

मेहुणा बाकावर पुढे सरकला आणि सांगू लागला.